इटालियन चित्रे आणि शिल्पे यांच्या संशोधन-फाइली कशा वाचाव्यात

इटालियन कलेच्या अभ्यासाची सुरुवात बहुतेकांच्या बाबतीत पुस्तकांतून होते, आणि पुस्तकांत प्रत्येक चित्राखाली कलावंताचे नाव, साल आणि संग्रहालय ठामपणे छापलेले असते. त्या एका ओळीमागे कुठेतरी एक फाइल असते. तिच्यात जुने फोटो असतात, फोटोंच्या मागे पेन्सिलीने लिहिलेली मते असतात, विक्रेत्यांची पत्रे आणि लिलावाची कात्रणे असतात, आणि नशीब असेल तर पाचशे वर्षांपूर्वीच्या करारनाम्याची नक्कलही असते. अशा फाइलपर्यंत कसे पोहोचावे आणि पोहोचल्यावर ती कशी वाचावी, हे नव्या अभ्यासकासाठी येथे क्रमाने मांडले आहे. फाइलमध्ये काय लिहिले आहे, याच्या आधी ते कोणी, केव्हा आणि कोणासाठी लिहिले हे विचारावे. ही सवय लागली नाही तर फाइल जितकी जाड मिळेल तितका गोंधळ वाढतो.

आधी फाइलची जात ओळखावी

‘फाइल’ या एकाच शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे फोटो-संग्रह, ज्याला इटलीत फोतोतेका म्हणतात. बोलोन्या विद्यापीठाकडे असलेला कला-इतिहासकार फेदेरिको झेरी यांचा संग्रह हा त्यातला नवशिक्यांसाठी सर्वांत सोयीचा. झेरी १९९८ साली वारले आणि त्यांनी आयुष्यभर जमवलेले सुमारे दोन लाख नव्वद हजार फोटो विद्यापीठाला मिळाले. त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाने त्यांतला मोठा भाग सूचीसह इंटरनेटवर मोफत खुला केला आहे. फ्लॉरेन्समध्ये जर्मन कला-इतिहास संस्थेचा संग्रह आहे. ही संस्था १८९७ सालची आहे. शहराबाहेर सेत्तिन्यानो येथे इटालियन चित्रांचे जाणकार बर्नार्ड बेरेन्सन यांचे घर आणि त्यांचे फोटो आहेत, जे आज हार्वर्ड विद्यापीठाच्या ताब्यात आहेत. न्यूयॉर्कमध्ये हेलन क्ले फ्रिक यांनी १९२० साली सुरू केलेले ग्रंथालय आहे, आणि त्यांना ही कल्पना ज्यावरून सुचली तो रॉबर्ट विट यांचा संग्रह लंडनच्या कोर्टोल्ड संस्थेत आहे.

दुसरी जात म्हणजे संग्रहालयाने स्वतःच्या एकेका कलाकृतीसाठी उघडलेली फाइल. खरेदीची कागदपत्रे, दुरुस्तीचे अहवाल, येऊन गेलेल्या तज्ज्ञांची मते आणि पत्रव्यवहार असे सगळे तिच्यात साठत जाते. तिसरी जात म्हणजे मूळ दस्तऐवज, म्हणजे ज्या काळात चित्र रंगवले गेले त्याच काळातले करार, पावत्या, जमाखर्चाच्या वह्या आणि मालमत्तेच्या याद्या. हे सरकारी अभिलेखागारांत, चर्चच्या दप्तरात किंवा जुन्या इस्पितळांच्या संग्रहांत असतात.

या तिन्हींचा पुराव्याचा दर्जा एक नाही. फोटो एका विशिष्ट दिवशी वस्तू कशी दिसत होती ते सांगतो. फोटोमागचे टिपण एका माणसाचे मत सांगते. करार व्यवहार सांगतो. नवा अभ्यासक बहुधा तिन्ही एकत्र कालवतो आणि ‘फाइलनुसार हे चित्र अमक्याचे आहे’ असे लिहून मोकळा होतो. फाइलनुसार काही नसते. फाइलमधल्या अमुक कागदानुसार असते.

एकच कलाकृती घेऊन सुरुवात करावी

‘पंधराव्या शतकातील फ्लॉरेन्सचे शिल्प’ असा विषय घेऊन फोटो-संग्रहात शिरणे म्हणजे वेळ घालवणे होय. एक चित्र किंवा एक शिल्प निवडावे, त्याची लांबी-रुंदी, माध्यम, सध्याचे ठिकाण आणि आधीचे ज्ञात मालक एका पानावर लिहावेत, आणि मगच शोध सुरू करावा. मापे विशेष महत्त्वाची असतात, कारण एकाच रचनेच्या अनेक प्रती निघालेल्या असतात आणि केवळ फोटोवरून त्या एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. शिल्पकार आंतोनियो रोस्सेल्लिनो याचे मॅडोनाचे, म्हणजे येशूची आई मेरी हिचे, उठावशिल्प घ्या. त्याच साच्यातून चुन्याच्या गिलाव्यात आणि भाजलेल्या मातीत निघालेल्या प्रती अनेक संग्रहालयांत पसरलेल्या आहेत, आणि त्यांचे फोटो एकाच गठ्ठ्यात लागोपाठ पडलेले असतात.

झेरी संग्रहाच्या सूचीत प्रत्येक कलाकृतीची एक नोंद आणि तिच्या प्रत्येक फोटोची वेगळी नोंद असते. या दोन नोंदी वेगळ्या का ठेवल्या आहेत हे समजून घ्यावे. कलाकृतीच्या नोंदीत आज मान्य असलेले श्रेय, म्हणजे ती कोणाच्या हातची मानली जाते ते, असते. फोटोच्या नोंदीत तो फोटो झेरींनी कोणत्या गठ्ठ्यात ठेवला होता, मागे काय लिहिले होते आणि कोणी काढला होता, ते असते. दोन्हींत विसंगती दिसली तर ती चूक समजू नये. कामाची माहिती बहुधा तिथेच असते.

शोधताना इटालियन शब्द वापरावेत, कारण इंग्रजी शब्दांनी अर्धेच हाती लागते. ‘आत्त्रिब्युइतो आ’ म्हणजे अमक्याच्या नावावर घातलेले, ‘बोत्तेगा दि’ म्हणजे त्याच्या कारखान्यातले, ‘चेर्किया दि’ म्हणजे त्याच्या वर्तुळातले, ‘सेग्वाचे दि’ म्हणजे अनुयायाचे, ‘कोपिया दा’ म्हणजे त्याच्यावरून केलेली नक्कल. ‘जा’ हा छोटा शब्द मालकीच्या रकान्यात येतो आणि त्याचा अर्थ ‘पूर्वी येथे’ असा असतो. तो नजरेतून सुटला तर चित्र अजून त्याच घरात आहे असे समजून माणूस पत्र पाठवतो. ‘उबिकात्सियोने स्कोनोशुता’ असे लिहिले असेल तर चित्र आज कुठे आहे ते माहीत नाही. बेरेन्सन यांच्या संग्रहात अशा बेपत्ता चित्रांचे फोटो इतके आहेत की त्यांची वेगळी सूची करून ती खुली करण्यात आली. मूळ चित्र हरवले असेल तर तो फोटोच एकमेव साधन उरतो.

फोटोची मागची बाजू

मूळ फोटो हातात आला, किंवा त्याच्या दोन्ही बाजूंचे स्कॅन पडद्यावर दिसले, तर आधी मागची बाजू पाहावी. तिथे साधारणपणे चार थर असतात. छायाचित्रकाराचा शिक्का, नेगेटिव्हचा क्रमांक, फोटो ज्यांच्याकडून आला त्या विक्रेत्याचे किंवा संग्राहकाचे नाव, आणि अभ्यासकांची हस्ताक्षरे. फ्लॉरेन्सची आलिनारी ही पेढी १८५२ पासूनची. त्यांच्या छापील फोटोंच्या खालच्या पट्टीत ठिकाण, चित्राचे नाव, त्या काळी मानले जाणारे श्रेय आणि क्रमांक बारीक अक्षरांत असतो. हा क्रमांक टिपून ठेवावा. जुन्या पुस्तकांत चित्राचा उल्लेख बऱ्याचदा केवळ त्या क्रमांकानेच केलेला सापडतो, आणि आलिनारी, ब्रोजी, अँडरसन या पेढ्यांचे क्रमांक हे त्या काळातल्या अभ्यासकांचे सामाईक संदर्भच होते. मात्र खालच्या पट्टीतले श्रेय पेढीच्या यादीतून उचललेले असते. ते तज्ज्ञाचे मत नव्हे.

हस्ताक्षरांच्या थरात सर्वांत जास्त सावधगिरी हवी. एकाच फोटोवर तीन जणांची तीन वेगवेगळी नावे असणे ही नेहमीची गोष्ट आहे. प्रत्येक मताला तारीख आहे का ते पाहावे. नसेल तर ‘तारीख नाही’ असे आपल्या टिपणात स्पष्ट लिहावे. मते बदलतात, आणि मोठ्या माणसांचीही बदलतात. बेरेन्सन यांनी १८९९ साली ‘आमिको दि सान्द्रो’, म्हणजे चित्रकार सान्द्रो बोत्तिचेल्लीचा मित्र, या कल्पित नावाखाली काही चित्रांचा एक गट बांधला होता. पुढे तो गट त्यांनीच मोडला आणि त्यातली बरीच चित्रे फिलिप्पिनो लिप्पी या चित्रकाराच्या नावावर गेली. आता एखाद्या फोटोमागे ‘आमिको दि सान्द्रो’ असे लिहिलेले दिसले तर ते टाकाऊ नाही. ते टिपण कोणत्या काळचे असावे, याचा अंदाज त्या नावावरूनच बांधता येतो.

मत कोणासाठी दिले हा प्रश्न थोडा नाजूक आहे, पण तो टाळून चालणार नाही. बेरेन्सन यांचे लंडन-न्यूयॉर्कचे विक्रेते जोसेफ डुव्हीन यांच्याशी दीर्घकाळ आर्थिक संबंध होते, हे आता सर्वज्ञात आहे. अमेरिकन व्यापारी सॅम्युएल क्रेस यांनी अलेस्सान्द्रो कोन्तिनी-बोनाकोस्सी यांच्याकडून इटालियन चित्रे मोठ्या प्रमाणावर घेतली, तेव्हा चित्रासोबत फोटो येत आणि त्या फोटोंच्या पाठीवर रोबेर्तो लोंगी, ज्युझेप्पे फियोक्को, आदोल्फो व्हेंतुरी, विल्हेल्म सुइडा अशा जाणकारांची मते लिहिलेली असत. ती माणसे खोटे लिहीत होती असा याचा अर्थ नाही. त्यांतली बरीच मते आजही टिकून आहेत. पण विक्रीच्या वेळी दिलेले मत आणि कोणतीही विक्री समोर नसताना दिलेले मत यांत फरक करावा, आणि मोठ्या कलावंताचे नाव विक्रीच्या अगदी तोंडावर आले असेल तर तिथे थांबून आधीचे फोटो तपासावेत.

फोटोची पुढची बाजूही कालबद्ध असते. दुरुस्तीपूर्वीच्या फोटोत नंतर काढून टाकलेले वरचे रंगकाम दिसते, आणि विक्रेत्याने काढलेल्या फोटोत कडा कापलेल्या असतात. नेगेटिव्ह उलटे छापले गेले तर चित्र आरशातल्यासारखे दिसते. चित्रातली अक्षरे किंवा आशीर्वाद देणारा हात पाहिला की ते लगेच कळते. शिल्पाच्या बाबतीत एका फोटोवर कधीही विसंबू नये. उजेडाची दिशा बदलली की तोच चेहरा वेगळा दिसतो, आणि शिल्पाची पाठ, तळ व आतला पोकळ भाग यांचे फोटो नसतील तर घडणीबद्दल काही बोलणे म्हणजे अंदाजपंचे. बनावट वस्तूंचे गठ्ठेही पाहावेत. सिएनाचा चित्रकार इचिलियो फेदेरिको योनी आणि शिल्पकार आल्चेओ दोस्सेना यांच्या हातच्या वस्तू एकेकाळी जुन्या म्हणून विकल्या गेल्या होत्या, आणि डोळा तयार करण्यासाठी त्यांच्याइतका चांगला धडा नाही.

मत आणि करार समोरासमोर ठेवणे

येथवर आल्यावर मूळ दस्तऐवजाकडे वळावे. एक प्रकरण सविस्तर घेऊ. फ्लॉरेन्समधील अनाथ मुलांचे इस्पितळ, स्पेदाले देल्यी इन्नोचेन्ती, याच्या चर्चसाठी चित्रकार दोमेनिको गिर्लांदायो याने मागी राजांनी केलेल्या बाळ येशूच्या पूजनाचे वेदीचित्र, म्हणजे चर्चच्या वेदीवर लावायचे चित्र, रंगवले. त्याचा २३ ऑक्टोबर १४८५ चा करार उपलब्ध आहे. त्यात किंमत ११५ मोठे फ्लोरिन (फ्लॉरेन्सचे सोन्याचे नाणे), दरमहा तीन फ्लोरिनचा हप्ता आणि तीस महिन्यांची मुदत ठरली आहे. निळा रंग अल्ट्रामरीनच (मौल्यवान निळ्या दगडापासून केलेला) असावा आणि त्याचा दर औंसाला सुमारे चार फ्लोरिन असावा, असेही घातले आहे. चित्र कागदावर काढून दाखवलेल्या आराखड्याबरहुकूम असावे, आणि चित्रकाराने ते सगळे स्वतःच्या हाताने रंगवावे, अशीही अट आहे. काम त्या किमतीचे वाटले नाही तर करार लिहिणारा फ्रा (धर्मबंधू) बेर्नार्दो ठरवील तेवढीच रक्कम द्यायची. म्हणजे आपल्याकडच्या घरबांधणीच्या करारात असते तशी सगळी काळजी इथे घेतलेली आहे.

हा करार वाचून नवा अभ्यासक म्हणेल की चित्र पूर्णपणे गिर्लांदायोच्या हातचे आहे, कारण तसे लिहून दिले आहे. परंतु याच इस्पितळाच्या १४८८ सालच्या कागदांत बार्तोलोमेओ दि जोव्हान्नी नावाच्या चित्रकाराला याच वेदीचित्राच्या खालच्या पट्टीतल्या छोट्या चित्रांचे काम दिल्याची नोंद आहे. दुसरीकडे, हे कागद हिशेबात न घेता केवळ शैलीवरून बेरेन्सन यांनी गिर्लांदायोच्या आसपास एक वेगळा हात ओळखला होता आणि त्याला ‘आलुन्नो दि दोमेनिको’, म्हणजे दोमेनिकोचा शिष्य, असे नाव दिले होते. कागद आणि चित्रे एकत्र ठेवल्यावर तो शिष्य म्हणजे हाच बार्तोलोमेओ, हे स्पष्ट झाले. इथे डोळ्याने सांगितलेले खरे ठरले आणि करारातली अट पाळली गेली नव्हती, असे दिसते. करार काय व्हायला हवे होते ते सांगतो. काय झाले ते पावत्या सांगतात. म्हणून करार सापडला की त्याच संस्थेच्या जमाखर्चाच्या वह्या पुढची तीन-चार वर्षे चाळाव्यात.

त्या करारात गिर्लांदायो हे नाव शोधू नये. तिथे तो दोमेनिको दि तोमाझो दि कुर्रादो, म्हणजे कुर्रादोच्या तोमाझोचा मुलगा दोमेनिको, असा येतो. शिल्पकार दोनातेल्लो कागदांत दोनातो दि निक्कोलो असतो, बोत्तिचेल्ली सान्द्रो दि मारियानो असतो. संशोधन सुरू करण्याआधी आपल्या कलावंताचे, त्याच्या वडिलांचे आणि शक्य तर आजोबांचे नाव लिहून ठेवावे. टोपणनावाने शोधणाऱ्याला अभिलेखागारात काहीही सापडत नाही.

तारखा, पैसे आणि पत्ते

फ्लॉरेन्सचे वर्ष १ जानेवारीला सुरू होत नसे, ते २५ मार्चला सुरू होई. म्हणून जानेवारी ते २४ मार्चपर्यंतच्या कोणत्याही नोंदीतले साल आजच्या हिशेबाने एकाने वाढवावे लागते. मायकेलअँजेलोचा डेव्हिड कुठे उभा करावा यासाठी लिओनार्दो, बोत्तिचेल्ली आदी कलावंतांना बोलावून झालेली बैठक कागदांत २५ जानेवारी १५०३ अशी आहे. आपण ती २५ जानेवारी १५०४ अशी लिहितो. मायकेलअँजेलोला ते काम १६ ऑगस्ट १५०१ रोजी मिळाले होते, त्यामुळे ऑगस्टच्या त्या तारखेत काही बदल करावा लागत नाही. व्हेनिसचे वर्ष १ मार्चला सुरू होई आणि पिसाचे २५ मार्चलाच, पण फ्लॉरेन्सपेक्षा एक वर्ष पुढे. तस्कनीत, म्हणजे फ्लॉरेन्स आणि पिसा ज्या प्रदेशात आहेत तिथे, ही पद्धत १७५० साली बंद झाली. मोडी कागदांतल्या सुहूर सनाची ज्यांना सवय आहे त्यांना हे अवघड वाटणार नाही. बाकीच्यांनी टिपणात मूळ तारीख आणि बदललेली तारीख दोन्ही लिहावीत, कारण जुन्या लेखकांनी कोणती छापली आहे हे दर वेळी कळत नाही.

पैशांबद्दल थोडक्यात: एक लिरा म्हणजे वीस सोल्दी, एक सोल्दो म्हणजे बारा देनारी, आणि सोन्याचा फ्लोरिन या हिशेबाबाहेरचा, त्याचा लिऱ्यातला दर बदलता. आजच्या रुपयांत किंमत काढण्याच्या फंदात पडू नये.

इटालियन सरकारी अभिलेखागारात कागदाचा पत्ता वरून खाली येतो: आधी संग्रहाचे नाव (फोंदो), मग गठ्ठ्याचा किंवा वहीचा क्रमांक (बुस्ता, फिल्झा, रेजिस्त्रो), मग पानाचा क्रमांक (कार्ता) आणि त्याची पुढची की मागची बाजू (रेक्तो, व्हेर्सो). पुण्याच्या पेशवे दफ्तरातला रुमाल ज्याने सोडला आहे, त्याला बुस्ता म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. जुन्या पुस्तकांतले पत्ते पुढच्या फेरमांडणीमुळे कालबाह्य झालेले असू शकतात, म्हणून मागणी-चिठ्ठी भरण्याआधी आजची सूची तपासावी. ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरात फ्लॉरेन्समधील असंख्य कागद भिजले. त्याआधी कोणी केलेली नक्कल छापलेली असेल तर काही वेळा तीच आज मूळ कागदापेक्षा अधिक वाचनीय असते.

गोव्यापासून सुरुवात करायची असेल तर

मराठी अभ्यासकाला इटलीला न जाता सुरुवात करता येईल असा एक उत्तम विषय जुन्या गोव्यात आहे. बॉम जीझस बासिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी गोव्याच्या सोनारांनी १६३६-३७ मध्ये घडवली. मात्र ती ज्यावर उभी आहे तो संगमरवराचा, रंगीत दगडांचा आणि कांस्य उठावशिल्पांचा चौथरा फ्लॉरेन्सचा आहे. तस्कनीचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याने तो भेट दिला, शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने तो घडवला, आणि १६९८ साली तो गोव्यात बसवला गेला. तो घेऊन आलेला कारागीर प्लाचिदो रामपोनी याने प्रवासाची रोजनिशीही लिहिली. एकाच वस्तूचे दोन भाग, दोन शहरांचे कारागीर आणि साठ वर्षांचे अंतर. पर्यटकांच्या माहितीपत्रकांत हे बहुधा एकाच वाक्यात मिसळून टाकलेले असते, म्हणून पहिले काम म्हणजे पेटीचे आणि चौथऱ्याचे असे दोन वेगळे कागद करणे.

मग शोधाच्या जागा ठरवाव्यात. मेदिची, म्हणजे कोझिमोचे राजघराणे, यांच्या दरबाराचा पत्रव्यवहार फ्लॉरेन्सच्या सरकारी अभिलेखागारातील ‘मेदिचेओ देल प्रिंचिपातो’ या संग्रहात आहे आणि त्याचा काही भाग इंटरनेटवर पाहता येतो. वस्तूंच्या आणि कारखान्यांच्या नोंदींसाठी ‘ग्वार्दारोबा मेदिचेआ’ पाहावे. जेझुइटांची बाजू त्यांच्या रोममधील अभिलेखागारात शोधावी, आणि पोर्तुगीज सरकारची बाजू पणजीच्या गोवा अभिलेखागारात, जिथे लिस्बन-गोवा पत्रव्यवहाराचे ‘मोन्सोंइश’ खंड आहेत. इटालियन येत नसेल तर पणजीपासून सुरुवात करण्यात कमीपणा नाही, फक्त पोर्तुगीज वाचता यायला हवे. मुंबईकरांसाठी आणखी एक जागा आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील युरोपीय चित्रे सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आली. त्यांतल्या एखाद्या चित्राचे श्रेय तपासण्यासाठी बोलोन्याच्या खुल्या सूचीत त्या चित्राची भावंडे शोधणे, हा घरबसल्या करण्याजोगा चांगला सराव आहे.

प्रत्यक्ष वाचनालयात

इटलीतील अभिलेखागारात जाताना पासपोर्ट न्यावा, आणि विद्यापीठाचे किंवा मार्गदर्शकाचे पत्र असल्यास तेही न्यावे. वाचनालयात पेन चालत नाही, पेन्सिल चालते. २०१७ पासून इटलीतील सार्वजनिक अभिलेखागारांत आणि ग्रंथालयांत अभ्यासासाठी स्वतःच्या कॅमेऱ्याने, फ्लॅश न वापरता, फोटो काढण्यास शुल्क नाही. खासगी आणि चर्चच्या संग्रहांचे नियम मात्र वेगळे असतात. पानाचा फोटो काढण्याआधी गठ्ठ्याच्या कण्यावरच्या क्रमांकाचा फोटो काढावा, म्हणजे घरी आल्यावर कोणते पान कशातले हे शोधत बसावे लागत नाही. ऑगस्टमध्ये, म्हणजे तिथल्या सुट्ट्यांच्या महिन्यात, जाण्याचा बेत शक्यतो करू नये, आणि केलाच तर त्या संस्थेच्या वेळा आधी पत्राने विचारून घ्याव्यात.

टिपणवहीत प्रत्येक नोंदीला चार रकाने ठेवावेत: कागदाचा पूर्ण पत्ता, त्यावर जे लिहिले आहे ते जसेच्या तसे मूळ भाषेत, लिहिणारा आणि तारीख, आणि शेवटी आपले मत. चौथा रकाना दुसऱ्यात कधीही मिसळू देऊ नये. न लागलेले अक्षर चौकोनी कंसात टिंबे देऊन सोडावे, अंदाजाने भरू नये. आणि ऑनलाइन सूचीत एखादी चूक सापडली, उदाहरणार्थ ‘ठिकाण अज्ञात’ असलेले चित्र आपण एखाद्या संग्रहालयात पाहिले असेल, तर फोटो, मापे आणि संग्रहालयाचा नोंदक्रमांक देऊन त्या संस्थेला कळवावे. अशा पत्रांची फोटो-संग्रह दखल घेतात आणि नोंद सुधारतात.